बाद झालेला बोल्ट जातो कोठे?

आपल्या संघाच्या स्मरणिकेत बाजारभाव, करपद्धती, वखारींची व्यवस्था अशा विषयांवर दरवर्षी लेख येत असतात. धान्याच्या पेढीवर ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी मोटारीच्या बोल्टविषयी लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु गेल्या दोन पिढ्यांत आपल्या समाजाच्या व्यवसायाचे चित्र पुष्कळच पालटले आहे. ज्या घरांतील वडीलधारी मंडळी बेळगावच्या रविवार पेठेत तूर, तांदूळ आणि गूळ यांचे व्यवहार करीत, त्याच घरांतील मुले आज उद्यमबागेत कारखाने चालवितात. कोणी मोटारींचे सुटे भाग तयार करतो, कोणी ते कातून व घासून देतो, कोणी नट-बोल्टचा घाऊक व्यापार करतो. धान्याचे पोते आणि बोल्टची पेटी ही दोन्ही आता एकाच कुटुंबाच्या वहीत लिहिली जातात. तेव्हा त्या पेटीविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्ही आपणांकडे घेत आहोत. तो अनाठायी वाटल्यास सुज्ञ वाचकांनी क्षमा करावी.

मोटारींच्या कारखान्यांना बोल्ट पुरविणाऱ्या मंडळींच्या तोंडी अलीकडे एक शब्द सारखा ऐकू येतो, तो म्हणजे सेन्सर. नगन् नग सेन्सरखालून गेला पाहिजे, अशी मोठ्या ग्राहकांची मागणी असते, आणि ती मान्य केल्यावाचून ऑर्डर पदरात पडणे कठीण झाले आहे. या यंत्रांविषयी आम्हांस मनापासून आदर आहे. तथापि त्यांविषयी जे काही बोलले जाते ते सारे चांगल्या बोल्टविषयी असते. तो कसा पारखला आणि ग्राहकाकडे बिनतक्रार कसा पोहोचला, याचेच वर्णन चालते. यंत्राने ज्यास बाजूस सारले त्या वाईट बोल्टचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते व्यापाऱ्याने विचारावयाचा प्रश्न तोच आहे.

प्रथम सेन्सरची गरज का भासली हे पाहू. धान्याच्या व्यापारात आपण पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसून मूठभर नमुना काढतो आणि त्यावरून शंभर पोत्यांचा भाव ठरवितो. धान्यास ही रीत पुरते, कारण एखादा खडा दाताखाली आला म्हणून कोणाचा जीव जात नाही. बोल्टचे तसे नाही. एका मोटारीत बोल्ट, नट, स्क्रू मिळून बांधणीचे हजारो नग असतात. समजा, दहा हजारांत केवळ एक नग सदोष आहे आणि एका मोटारीस दोन हजार नग लागतात. तर सरासरीने दर पाच मोटारींमागे एका मोटारीत सदोष नग जाऊन बसेल. आता याच मालाचा नमुना घेऊन पाहू. एक लाख नगांच्या ढिगात दहा नग सदोष आहेत. त्यांतून पन्नास नग काढून तपासले, तर त्यांत सदोष नग सापडण्याचा संभव दोनशेत एक इतकाच येतो. म्हणजे एकशे नव्व्याण्णव वेळा नमुना निर्मळ दिसेल आणि माल मात्र होता तसाच राहील. म्हणूनच मोटारींच्या धंद्याने शेकड्याचा हिशेब सोडला आणि दहा लाख नगांत किती सदोष, असा हिशेब धरला. हे काम नुसत्या हातांनी व डोळ्यांनी होण्याजोगे नाही. प्रत्येक नग तपासावयाचा तर यंत्रच हवे.

बोल्टमध्ये दोष येतो कसा, हेही जाणून घेणे अवश्य आहे. पोलादी तारेचा तुकडा तोडून, तो न तापविता साच्यात ठोकून त्याचे डोके घडवितात. मग दोन खाचदार पाट्यांमध्ये दाबून फिरवीत त्यावर आटे उठवितात. नंतर भट्टीत तापवून तेलासारख्या द्रवात बुडवितात व पुन्हा बेताने तापवितात. आपल्या लोहारांच्या भाषेत त्यास पाणी देतात. शेवटी गंज चढू नये म्हणून जस्ताचा मुलामा किंवा अन्य लेप चढवितात. या प्रत्येक पायरीवर काही ना काही बिघडू शकते. तारेतच उभी चीर असेल तर ती डोक्याच्या कडेस उमटते. साचा झिजला तर डोके अपुरे भरते. पाट्यांमध्ये नग तिरपा गेला तर आटे अर्धवट उठतात. पाणी देताना क्वचित तडा जातो. आणि सर्वांत घातक म्हणजे, भट्टीत न गेलेला एखादा मऊ नग भट्टीतून आलेल्या नगांत मिसळतो. तो दिसण्यात हुबेहूब असतो, मापातही बरोबर असतो. फक्त त्याच्या अंगी बळ नसते.

या दोषांवर सेन्सर निरनिराळ्या रीतींनी नजर ठेवतात. त्यांतील पहिली रीत आपल्या धान्य व्यापाऱ्यांच्या पूर्ण परिचयाची आहे. 'सॉर्टेक्स' तांदूळ, 'सॉर्टेक्स' डाळ असे आपण पेठेत रोज म्हणतो. हे मुळात १९४७ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या एका कंपनीचे नाव. पुढे १९९३ साली ती स्वित्झर्लंडच्या ब्यूलर कंपनीकडे गेली. त्या यंत्रात दाणे घसरणीवरून खाली पडत असता कॅमेरा त्यांचा रंग पाहतो, आणि काळा वा डागी दाणा दिसताच हवेचा झोत त्यास बाजूस उडवितो. बोल्टच्या यंत्रातही तत्त्व हेच. नग फिरत्या काचेच्या तबकडीवरून एकामागून एक जातात. वरून, खालून आणि बाजूंनी कॅमेरे त्यांची छायाचित्रे घेतात. डोक्याची रुंदी, दांड्याची लांबी, आट्यांची ठेवण ही सारी मिनिटास शेकडो नगांच्या गतीने मोजली जातात, आणि मापात न बसणारा नग हवेच्या झोताने वेगळ्या पेटीत पडतो.

मऊ नग मात्र कॅमेऱ्यास ओळखता येत नाही, कारण कॅमेरा अंतरंग जाणत नाही. त्यासाठी दुसरी रीत आहे. नग तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून जातो. वेटोळ्यात उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह सोडलेला असतो, त्यायोगे नगाच्या धातूतही भोवऱ्यासारखे सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात. या भोवरी प्रवाहांचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ फूको यांनी १८५५ साली लावला. पोलादाची घडण बदलली, काठिण्य बदलले किंवा मध्ये चीर आली, की हे प्रवाह बदलतात आणि वेटोळ्यास त्याची वार्ता लागते. १८७९ साली डेव्हिड ह्यूज यांनी अशाच वेटोळ्यांच्या तराजूने निरनिराळ्या धातूंची व नाण्यांची पारख करून दाखविली होती. रुपया दगडावर वाजवून घेणारा जुन्या काळचा सराफ आणि हे यंत्र यांत आम्हांस नाते दिसते. दोघेही वरच्या रूपावर न भुलता आतला आवाज ऐकतात.

तिसरी रीत आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते. बोल्टचे डोके ठोकणाऱ्या यंत्रातच दाब मोजणारा सेन्सर बसवितात. एखाद्या ठोक्याचा दाब नेहमीपेक्षा कमी-अधिक झाला, की यंत्र तेथल्या तेथे थांबते. दोष जन्मास येताक्षणीच कळतो. हजारो नग बिघडून शेवटी निवडत बसण्यापेक्षा पाच-दहा नगांवर निभावते. ज्यांस एकदम मोठे यंत्र घेणे परवडत नाही त्यांनी आपल्या तुटपुंज्या भांडवलाचा पहिला रुपया येथे घालावा, असे आमचे मत आहे.

शेवटचा पहारा मोटारीच्या जुळणीच्या जागी असतो. तेथे विजेचा पाना बोल्ट आवळताना किती जोर लागला आणि बोल्ट किती अंशांत फिरला, ही दोन्ही मापे घेतो. आवळण्याच्या जोराचे दहा भाग केले, तर सुमारे नऊ भाग घर्षणातच खर्ची पडतात आणि जेमतेम एक भाग जोड घट्ट धरण्याच्या कामी येतो. म्हणून केवळ जोर मोजून भागत नाही, कोनही पाहावा लागतो. आटे वाकडे बसले, वॉशर राहून गेला किंवा बोल्ट मऊ निघाला, तर जोर आणि कोन यांचा मेळ बसत नाही आणि यंत्र लाल दिवा लावते.

इतके पहारेकरी असूनही एक चोर त्यांच्या हातावर तुरी देतो. मुलाम्यापूर्वी आम्लात धुताना आणि विजेने मुलामा चढविताना हायड्रोजन पोलादात शिरतो. अतिकठीण बोल्ट त्यामुळे आतून ठिसूळ होतो. तपासणीच्या वेळी तो धडधाकट असतो, आणि आवळल्यावर काही तासांनी किंवा काही दिवसांनी अकस्मात तुटतो. मुलाम्यानंतर विलंब न लावता तो माल काही तास सुमारे दोनशे अंश उष्णतेत ठेवणे, हा त्यावरील रूढ उपाय आहे. परंतु तो उपाय खरोखर केला की नाही, हे कॅमेरा सांगू शकत नाही. ते कारखान्यातील नोंदवही सांगते, आणि नोंद लिहिणाऱ्याचा प्रामाणिकपणा सांगतो. सांगण्याचा हेतू इतकाच, की यंत्राची नजर कोठे ना कोठे संपते. तेथून पुढचे काम माणसाचे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, एका मोठ्या मालातून यंत्राने चाळीस किलो नग बाद केले. त्यांवर पोलाद, वीज, मजुरी असा सर्व खर्च होऊन चुकला आहे. भट्टीवाला ते मोडीच्या भावाने घेईल. परंतु बाजारात दुसराही एक ग्राहक उभा असतो. तो मोडीपेक्षा बरा भाव देतो, पावती मागत नाही, आणि माल कोठे नेतो ते सांगत नाही. पुढे तो माल सुट्या विक्रीच्या खोक्यांत भरला जातो. तेथून तो नव्या मोटारीत खचितच जात नाही, कारण तेथे सेन्सर बसला आहे. तो जातो खेड्यातल्या वर्कशॉपात, उसाच्या ट्रॉलीच्या जोडास, मळणी यंत्रास, जुन्या मालमोटारीच्या चाकास. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की आपल्या जिल्ह्यात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसाने शिगोशीग भरून रात्री-अपरात्री धावतात, हे आपण सर्वजण पाहतो. त्या जोडाचा बोल्ट कोणत्या पेटीतून आला हे ट्रॅक्टर हाकणारा जाणत नाही, आणि त्याच्यापाशी सेन्सरही नाही.

याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. यंत्र नव्हते तेव्हा वाईट बोल्ट सर्वांच्या वाट्यास थोडाथोडा विखुरलेला होता. यंत्राने तो वेचून एका पेटीत एकत्र केला. ती पेटी जर बाजारात रिती झाली, तर ज्याच्यापाशी पारखण्याची साधने आहेत तो निर्धास्त झाला, आणि ज्याच्यापाशी ती नाहीत त्याच्या पदरी सगळाच वाईट माल पडला. विज्ञानाने जे संकट दूर केले असे आपण मानतो, ते वस्तुतः श्रीमंताच्या दारातून उचलून गरिबाच्या दारात नेऊन ठेवले, असे होईल.

येथे आपल्यापैकी कोणी म्हणेल, की धान्यातही दुय्यम माल विकला जातोच. खरे आहे. तांदळाची कणी कणी म्हणून विकली, तर त्यात पाप नाही. गरिबाचे पोट भरते आणि व्यापाऱ्याचे नुकसान टळते. घेणाऱ्यास डोळ्यांनी दिसते की ही कणी आहे, आणि भावही तसाच असतो. परंतु बोल्टला अशी उघड दुसरी प्रत नाही, कारण त्याचा दर्जा त्याच्या डोक्यावरच कोरलेला असतो. ८·८, १०·९, १२·९ असे आकडे आपण पाहतो. १०·९ यातील १० चा अर्थ असा, की त्या बोल्टच्या दर चौरस मिलिमीटरने तुटण्यापूर्वी १००० न्यूटन, म्हणजे सुमारे १०० किलो वजनाइतका ताण सोसला पाहिजे. पुढच्या ९ चा अर्थ, त्या ताणाच्या नऊ-दशांशापर्यंत तो कायमचा लांबता कामा नये. हे आकडे डोके ठोकतानाच उमटतात, म्हणजे भट्टीत जाण्यापूर्वीच. भट्टी चुकलेल्या मऊ नगावरही १०·९ हाच आकडा असतो. असा नग विकणे म्हणजे कणी विकणे नव्हे. ज्या वजनावर सरकारी शिक्का आहे पण जे आतून पोखरलेले आहे, तशा वजनाने तोलून देण्यासारखे ते आहे.

धान्यातही सगळाच बाद माल दुय्यम म्हणून खपविता येत नाही, याचा धडा आपल्या धंद्यास फार पूर्वी मिळालेला आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत मेले. शोध घेता असे आढळले, की त्यांच्या खाद्यातील ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत बुरशीचे विष होते. त्या विषास पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. माणसाने खाऊ नये ते जनावरास घालावे, ही समजूत त्या घटनेने खोटी ठरविली. जीवदया मानणाऱ्या समाजास तर ती आधीच पटावयास हवी. काही माल असा असतो, की त्याचा व्यापार थांबविणे हाच त्याचा एकमेव प्रामाणिक व्यवहार होय.

आपल्या धर्माने या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घेण्याचे माप एक आणि देण्याचे एक, व प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे खऱ्यासारखे दिसणारे खोटे विकणे, हे दोन तर जणू पेढीवर बसणाऱ्यांस समोर ठेवूनच सांगितले आहेत. तुपात भेसळ करणे हे प्रतिरूपक आहे हे आपणांस लहानपणापासून ठाऊक आहे. १०·९ असा शिक्का असलेला मऊ बोल्ट हेही प्रतिरूपकच आहे, एवढेच नव्या पिढीने त्यास जोडून घ्यावयाचे आहे.

हे केवळ धर्मशास्त्राचे बोलणे आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेसारख्या पुढारलेल्या देशास याच कारणाने कायदा करावा लागला. तेथे ८ व्या दर्जाच्या बोल्टच्या डोक्यावर सहा रेघा असतात. १९८० नंतरच्या दशकात ८·२ या दर्जाचे, बोरॉन घातलेल्या कमी कार्बनच्या पोलादाचे बोल्ट त्याच सहा रेघा घालून बाजारात मोठ्या प्रमाणावर आल्याचे उघडकीस आले. साध्या हवामानात दोहोंचे बळ सारखेच भासे, परंतु उष्णतेत हे दुसरे बोल्ट लवकर ढिले पडत. जॉन डिंगेल यांच्या अध्यक्षतेखालील प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने चौकशी केली, १९८८ साली तिचा अहवाल निघाला, आणि १९९० साली बोल्ट-नटांच्या गुणवत्तेचा स्वतंत्र कायदा झाला. १९९९ साली त्यात दुरुस्त्या झाल्या. दर्जाची खूण असलेल्या बोल्टवर कारखानदाराची स्वतःची खूणही असावी व ती सरकारदरबारी नोंदविलेली असावी, हा त्यातील एक नियम आहे. बोल्ट कोणाचा, हे कळले म्हणजे जबाबदारी कोणाची, हेही कळते.

मोटारींच्या धंद्यात आज जे आंतरराष्ट्रीय मानक पाळले जाते, ते आयएटीएफ १६९४९, हे २०१६ साली प्रसिद्ध झाले. आपल्या अनेक तरुण कारखानदारांच्या कचेरीत त्याचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले असते. त्या मानकात बाद मालासंबंधी स्पष्ट नियम आहे. जो माल मोडीत काढावयाचा तो बाहेर जाण्यापूर्वी निरुपयोगी करण्यात आला आहे, याची खात्री करून घ्यावी, आणि ग्राहकाच्या पूर्वसंमतीवाचून असा माल दुसऱ्या कोणत्याही उपयोगाकडे वळवू नये, असे तो सांगतो. म्हणजे आम्ही काही नवे सांगत आहोत असे नाही. प्रमाणपत्र भिंतीवर आहे. त्यातील हे एक कलम अंगणातल्या लाल पेटीपर्यंत पोहोचावे, इतकेच आमचे म्हणणे आहे. शिवाय प्रमाणपत्र नसलेले लहान कारखाने, मुलामा चढवून देणारे, निवडून देणारे आणि मोड विकत घेणारे हे सर्वजण या नियमाच्या कक्षेत आपोआप येत नाहीत. तेथे आपल्यासारख्या व्यापारी संघाचेच काम आहे.

आमच्या परिचयाच्या एका तरुण कारखानदाराशी या विषयावर बोलणे झाले. तो म्हणाला, "काका, यंत्राने बाद केलेले सगळेच नग वाईट नसतात हो. तेलाचा थेंब राहिला किंवा धूळ बसली, तरी कॅमेरा चांगला नग फेकून देतो. ते सगळे चेपून टाकायचे म्हटले तर आम्ही खायचे काय?" हा आक्षेप टाकाऊ नाही. यंत्र कडक लावले तर चांगल्याचाही बळी जातो, आणि सैल लावले तर वाईट निसटते. परंतु त्यास उत्तर आहे. बाद झालेला माल धुऊन पुन्हा एकवार यंत्रातून काढावा. दुसऱ्या फेरीत जो पास होईल तो ग्राहकाच्या नियमास अनुसरून उजळ माथ्याने त्यालाच द्यावा. जो दुसऱ्यांदाही बाद होईल, त्याविषयी मग शंकेचा फायदा घेऊ नये. जो माल कारखानदारास स्वतःच्या मुलाच्या गाडीस लावण्याचे धैर्य होत नाही, तो अनोळखी माणसाच्या ट्रॉलीस चालेल असे म्हणण्याचा अधिकार त्यास कोठून आला?

नुकसानीचे म्हणाल, तर ते आहे आणि राहील. मोडीचा भाव आणि खोक्याचा भाव यांतील अंतर हा सचोटीचा खर्च आहे. तो विमा, व्याज, घसारा यांप्रमाणे मालाच्या किमतीत धरावा आणि ग्राहकाशी बोलताना उघड मांडावा. ज्या मोठ्या कारखान्यांस शून्य दोषाचा माल हवा आहे, त्यांनी त्या शून्याची किंमत द्यावी हेही न्याय्यच आहे. पुरवठादारास भावात पिळून काढावयाचे आणि तो बाद मालाचे काय करतो याकडे डोळेझाक करावयाची, ही मोठ्यांची नीती आम्हांस मान्य नाही. तथापि त्यांची डोळेझाक हे आपल्या गैरव्यवहाराचे समर्थन होऊ शकत नाही.

आता उपायांविषयी. वही लिहिणाऱ्या माणसास सेन्सरचा एक गुण विशेष मोलाचा वाटेल. तो मोजतो. किती नग आले, किती पास झाले, किती बाद झाले, हे यंत्रात आपोआप नोंदले जाते. बाद नगांच्या संख्येस एका नगाच्या वजनाने गुणिले, की बाद मालाचे वजन निघते. भट्टीकडे गेलेल्या मोडीच्या पावतीवरचे वजन आणि हे वजन यांचा मेळ बसला पाहिजे. बसला, तर घर स्वच्छ आहे. न बसला, तर मधले किलो कोठे गेले, याचा जाब मालकाने आपल्या माणसांस विचारावा. दिवाळीत पाडव्यास नवी वही घालताना बाद मालाचे एक स्वतंत्र खाते उघडावे आणि वर्षअखेर त्याचा मेळ घालावा. त्यासाठी कोणतेही नवे यंत्र लागत नाही. आपल्या वाडवडिलांनी शिकविलेली वही लिहिण्याची विद्या तेवढी लागते.

येत्या सर्वसाधारण सभेपुढे आम्ही तीन गोष्टी विचारार्थ ठेवू इच्छितो. पहिली, संघाच्या ज्या सभासदांचे कारखाने आहेत त्यांनी बाद बोल्टचे आटे व डोके प्रेसखाली चेपल्यावाचून तो माल फाटकाबाहेर जाऊ देऊ नये, आणि तो वजनावर, पावतीनिशी, वितळविणाऱ्यासच विकावा. दुसरी, जे सभासद हार्डवेअरचा व्यापार करतात त्यांनी दर्जाचा आकडा आहे पण कारखानदाराची खूण नाही, असा सुटा बोल्ट कितीही स्वस्त मिळाला तरी खरेदी करू नये. घेणारा थांबला म्हणजे विकणारा आपोआप थांबतो, हा बाजाराचा जुना नियम आहे. तिसरी, लहान कारखानदारांसाठी संघाने सामाईक भांडवलातून निवडीचे एक यंत्र घ्यावे आणि बेताच्या मजुरीवर सर्वांचा माल त्यातून काढून द्यावा. पूर्वी आपल्या पूर्वजांनी धर्मशाळा बांधल्या, पांजरपोळ चालविले. आजच्या काळी असे यंत्र उभारणे हेही त्याच जातीचे काम आहे, असे आम्ही मानतो.

पुढील वर्षाच्या स्मरणिकेत सभासदांच्या कारखान्यांतून किती किलो बोल्ट चेपून भट्टीकडे गेला, याचा एकत्रित आकडा छापता आला, तर तो विक्रीच्या कोणत्याही आकड्यापेक्षा आम्हांस अधिक अभिमानाचा वाटेल. संघाच्या चिटणिसांनी ती नोंद ठेवण्याचे काम या पाडव्यापासूनच हाती घ्यावे, ही विनंती करून हा लेख पुरा करतो.

जय जिनेंद्र.